पाचपैकी सात

माझा वरचा पुढचा डावा दात हलतो आहे, ही बातमी गावात सगळ्यांत शेवटी मला कळली.

शेजारच्या कोसाराबाईंना ती आधी कळली, कारण मी सफरचंद चावून न खाता चाकूने फोडी करून खाऊ लागलो होतो आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या ओट्यासमोर आहे. पलीकडच्या मिलोयेला कळली, कारण मी पावाची कड त्याच्या कोंबड्यांना टाकत होतो. माझ्या बायकोला, स्तानिकाला, कळली, कारण माझ्या ब्रशवरचा फेस गुलाबी दिसायचा. तो मलाही दिसायचा. पण ज्या प्रश्नाचं उत्तर आवडणार नाही तो मी स्वतःला विचारत नाही. वर्गातल्या मुलांना मात्र नेमका तोच आधी विचारत असे.

मी राडिसाव्ह. मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात अडतीस वर्षं प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी दरवर्षी शरदात शाळेतून फोन येतो: "मास्तर, पहिलीला दातांचा धडा द्यायला याल ना?" हा धडा माझा आहे. त्यासाठी मी स्वतःच्या हातांनी प्लास्टरचा एक जबडा बनवला आहे, कलिंगडाएवढा, आणि त्याला साजेसा ब्रश, जो पाहून चुलीची राख काढायचा झाडू आठवतो. शिवाय मास्तर असताना दर सोमवारी मी वर्गातून फिरायचो आणि म्हणायचो, "दाखवा." की तीस तोंडं उघडायची. या गावाने मला आपले दात दाखवलेले आहेत. पोस्टमन, पाववाली, चर्चचे फादर, सगळ्यांनी. मी रस्त्याने जातो तेव्हा पन्नाशीची माणसं मला पाहून दात दाखवतात. नव्या माणसाला वाटतं, काय प्रेम आहे! प्रेम कसलं, सवय आहे.

अशा माणसाच्या हिरड्यांतून रक्त यावं?

या वर्षीचा धडा बारा नोव्हेंबरला ठरला होता. हाती जेमतेम साडेतीन आठवडे. पुढचा दात हलत असलेल्या माणसाने मुलांपुढे उभं राहून दातांबद्दल बोलावं, म्हणजे जीर्ण छत्री विकायला भर पावसात उभं राहण्यासारखं. तेव्हा दात बारा तारखेच्या आत घट्ट करून घ्यायचा, एवढंच छोटं काम मी हाती घेतलं.

मिलोये म्हणाला, "यात डॉक्टर कशाला? घरी गाळलेली राकिया घे. घोटभर तोंडात धर, दहा मिनिटं. दुखऱ्या बाजूला."

"गिळायची?"

"गिळायची नाही. गिळणं वेगळं, औषध वेगळं."

कोसाराबाईंनी कुंपणावरून सांगितलं, "राकियाने हिरडी पोळते. सेजच्या पानांचा काढा करा, त्यात दोन चमचे मध घाला. माझ्या सासूबाई नव्वदीपर्यंत त्यावर होत्या."

"आणि दात?"

"दात साठीतच गेले हो. पण काढा नव्वदीपर्यंत घेतला."

मी दोन्ही केलं. कुणाला वाईट वाटायला नको.

मग, दात घट्ट होण्याऐवजी उजव्या शेजाऱ्यालाही हलायला शिकवतोय असं दिसल्यावर, मी आरोग्य केंद्रात गेलो. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर ओग्न्येन बसतात. हा माझाच विद्यार्थी, खिडकीजवळचा तिसरा बाक. मी खुर्चीत बसलो. त्याने दिवा माझ्या तोंडावर ओढला आणि एकदम मागे सरला.

"मास्तर, सकाळचे नऊ वाजलेत."

"औषध म्हणून घेतली. तोंडात धरायची, गिळायची नाही."

"गिळली?"

"अपघाताने."

"किती अपघात झाले?"

"तीन," मी म्हणालो. विद्यार्थ्यापुढे खोटं बोलायची सवय नाही.

"बरं. दाखवा," तो म्हणाला.

हा शब्द मी अडतीस वर्षं वापरला. तो स्वतःला ऐकावा लागतो तेव्हा त्यात किती उद्धटपणा आहे ते कळतं. मी तोंड उघडलं. ओग्न्येनने एक बारीक दांडी घेतली, हिरडीच्या कडेला एकेक दात टोचत चालला आणि मदतनीस बाईंना आकडे सांगू लागला. बाई लिहून घेत होत्या.

"तीन. चार. चार. पाच."

आमच्या शाळांत गुण एक ते पाच असतात, हे सांगायला हवं. एक म्हणजे नापास, दोन म्हणजे जेमतेम पास, पाच म्हणजे उत्तम. मी पाच फार हात आखडून देत असे. ओग्न्येनला तर अंकगणितात मी वर्षभरात एकदाच दिला होता, तोही सुट्टीच्या आदल्या दिवशी. त्यामुळे "पाच" ऐकून माझी छाती जरा फुगली. म्हटलं, इतकं काही बिघडलेलं नाही.

"पाच. पाच. सहा."

हे जरा जास्त झालं. पाचपैकी सहा? पण मुलगा कृतज्ञ आहे, असू दे.

"सात."

आता मात्र मला राहवेना. तोंडात आरसा असतानाच मी शक्य तितक्या स्पष्टपणे म्हणालो, "ओग्न्येन, पक्षपात नको."

त्याने आरसा बाहेर काढला. बाईंची पेन्सिल थांबली.

"मास्तर, हे गुण नाहीत. हे मिलिमीटर आहेत. हिरडी दातापासून सुटली की मध्ये खळगा पडतो. तो किती खोल आहे ते मोजतोय. तीनपर्यंत चालतं."

"आणि सात?"

"सातात अख्खं गाव वसतं. जंतूंचं." मग तो स्टूल पुढे ओढून बसला. "तोंड कोरडं पडतं? तहान लागते? बोट कापलं तर लवकर भरत नाही? मास्तर, तुम्हाला मधुमेह आहे ना?"

"थोडासा," मी म्हणालो.

'थोडासा' हा शब्द माझा. डॉक्टर बिसेनियाने सहा वर्षांपूर्वी तो वापरला नव्हता. तिने गोळ्या दिल्या होत्या आणि आठवणीने घ्या म्हणाली होती. मी आठवण झाली की घेत असे. आठवण कमी व्हायची, हा काही माझा दोष नाही, वयाचा आहे.

ओग्न्येनने सांगितलं ते थोडक्यात असं: हिरडीखाली खोलवर सफाई केली तर उजवा दात नक्की वाचेल, डाव्याबद्दल तो शब्द देत नाही. पण रक्तात साखर इतकी असताना खोल सफाई केली तर जखम भरणार नाही. उपाशीपोटी साखर नऊच्या खाली (आमच्याकडे ती मिलिमोलमध्ये मोजतात, शंभरांत नाही) आली की त्याच दिवशी या. नाही आली, तर नाताळपर्यंत दोन्ही दात आपापल्या पायांनी निघून जातील. त्याने चिठ्ठी लिहिली: "साखर ताब्यात आणून पाठवावे." आणि मला वरच्या मजल्यावर धाडलं.

वरच्या मजल्यावर डॉक्टर बिसेनिया. हीही माझीच विद्यार्थिनी. खिडकीजवळचा तिसरा बाक, ओग्न्येनच्या शेजारी. तिने बोटाला सुई टोचली. अकरा. निरोगी माणसाची उपाशीपोटी सहाच्या आत असते, हे मला त्या दिवशी कळलं, म्हणजे सहा वर्षांनी दुसऱ्यांदा कळलं. मग तिने तोंडात डोकावून पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली: "तोंडात संसर्ग असेपर्यंत साखर ताब्यात येणे कठीण. आधी हिरड्या पाहाव्यात."

मी खाली गेलो. ओग्न्येनने ती वाचली आणि दुसरी लिहिली: "साखर कमी झाल्याशिवाय हिरड्यांना हात लावता येत नाही, हे आधीच कळवले आहे." 'आधीच'खाली रेघ होती. मी वर गेलो. बिसेनियाने लिहिलं: "मलाही तेच आधी कळवायचे होते." तिने दोन रेघा मारल्या होत्या.

शिवाय प्रत्येक चिठ्ठीची नोंद खिडकीवर बसलेल्या जिव्काबाईंकडे करावी लागे.

"मास्तर, खालची चिठ्ठी वर न्यायची तर इथे शिक्का. वरची खाली न्यायची तर इथे शिक्का. आणि एका माणसाच्या एका दिवसात चारच चिठ्ठ्या. तुमच्या झाल्या."

"मग मी आता कुठे?"

"नियमाने तुम्ही आता जिन्यात," जिव्काबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "त्या दोघांचं बोलणं नाही हो. अंगणातल्या त्या लिंडनच्या झाडाखाली सावलीत एकच गाडी मावते. त्यावरून जूनपासून अबोला आहे. सगळा कारभार चिठ्ठ्यांवर."

मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहिलो. गुडघे दुखत होते, तोंडाला सेजच्या काढ्याची कडवट चव होती, आणि माझ्या दोन दातांचं भवितव्य एका झाडाच्या सावलीवर टांगलेलं होतं. तेव्हा माझ्यातून एक आवाज निघाला. तो मी आठ वर्षांत काढला नव्हता आणि अजून शिल्लक आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

"ओग्न्येन! बिसेनिया! दोघांनी इकडे यायचं. आत्ता."

आरोग्य केंद्रात शांतता पसरली. एक बाळ रडत होतं, तेही गप्प झालं. खालून ओग्न्येन आला, हातमोजे तसेच. वरून बिसेनिया आली. दोघं माझ्या दोन बाजूंना उभी राहिली आणि, मी शपथेवर सांगतो, दोघांनीही हात पाठीमागे बांधले.

"आता मला सांगा," मी म्हणालो, "हिरडीमुळे साखर वाढते की साखरेमुळे हिरडी बिघडते?"

"दोन्ही," दोघं एकदम म्हणाली.

"एकेकाने. हात वर करून."

बिसेनियाने हात वर केला. "साखर जास्त असली की जखमा भरत नाहीत, लाळ कमी होते, जंतूंना आयतं खायला मिळतं. हिरडी सुजते."

"आणि हिरडी सुजली," ओग्न्येन म्हणाला, "की ती सूज सगळ्या शरीराला त्रास देते. मग औषध घेऊनही साखर उतरत नाही. म्हणून पुन्हा हिरडी..."

"समजलं," मी म्हणालो. "एका बाकावरची दोन खोडकर मुलं. हा तिला ढोसतो, म्हणून ती ओरडते. ती ओरडते म्हणून हा पुन्हा ढोसतो. एकट्याला उठवून काही होत नाही. मी अशा वेळी काय करायचो?"

दोघांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"दोघांना एकदम उठवायचात," बिसेनिया हळूच म्हणाली.

"मग उठवा."

त्याच दिवशी ओग्न्येनने वरवरची सफाई करून दिली, बिसेनियाने गोळी बदलली. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश, रोज अर्धा तास चालणं, राकिया बंद, मध बंद, आणि गोड अजिबात नाही. हे सगळं मला एका कागदावर लिहून मिळालं, खाली दोघांच्या सह्या होत्या. जिव्काबाईंनी त्यावर शिक्का मारला नाही, कारण दोन डॉक्टरांच्या एकत्र कागदाला शिक्काच नव्हता.

आता गोड अजिबात नाही, हे म्हणायला सोपं. आमच्याकडे शरदात संत रांगेने येतात. ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी कुलसंताचा सण असतोच, आणि प्रत्येक घरी दारातच शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद. तो चमचाभर घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. एकतीस तारखेला मिलोयेकडे संत लुका, आठ नोव्हेंबरला खुद्द आमच्याकडे संत दिमित्री. म्हटलं, मास्तरासारखं वागावं. अडचण यायच्या आधी पालकांना भेटावं. आपण होऊन पाच घरी जायचं आणि शांतपणे सांगायचं: बाबांनो, मला गोड वर्ज्य आहे, आग्रह करू नका.

कल्पना उत्तम होती. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि ती लक्षात न यायला माणूस इथलाच असावा लागतो, कारण आम्हाला ती श्वासासारखी झालेली आहे. आमच्याकडे पाहुणा आला की आधी मुरंबा. छोट्या काचेच्या वाटीत मुरंबा, चांदीचा चमचा, पाण्याचा पेला. पाहुण्याने एक चमचा खायचा, पाणी प्यायचं, आणि मगच कामाचं बोलायचं. त्याआधी तोंड उघडलं तर घरावर काहीतरी दुःखाचा प्रसंग आलाय असं समजतात.

कोसाराबाईंनी दार उघडलं, ताट समोर धरलं. "घ्या मास्तर, बिहीच्या फळांचा आहे. या वर्षीचा."

"कोसाराबाई, मी त्याबद्दलच..."

"काय झालं? कोण गेलं?" त्या ताटासकट उंबऱ्याबाहेर आल्या. "स्तानिकाताई बऱ्या आहेत ना?"

काय करणार? चमचाभर घेतला, पाणी प्यालो, आणि मग सांगितलं की मला गोड चालत नाही. "अगं बाई!" त्या म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं?"

दुसऱ्या घरी आंबट चेरीचा. तिसऱ्या घरी आलुबुखाराचा, प्रत्येक फळात अक्रोडाचा तुकडा. चौथ्या घरी गुलाबपाकळ्यांचा, तिथे घरच्या आजी म्हणाल्या की तुम्हाला आवडतो म्हणून दोन चमचे घ्या. पाचवं घर मिलोयेचं. मिलोयेची बायको रुमेना ताट घेऊन आली तेव्हा मी खरोखर निश्चय करून ओठ मिटून उभा राहिलो आणि हाताने नकार दिला. मिलोये आतून ओरडला, "अरे, त्याचा जबडा धरला वाटतं! रुमेना, चमचा तूच भरव!"

संध्याकाळपर्यंत पाचही घरांना माझा नियम नीट समजला होता. तो सांगता सांगता मी सहा चमचे खाल्ले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई. सोळा.

"मास्तर," बिसेनियाने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय खाल्लंत?"

"मी फक्त लोकांना सांगायला गेलो होतो की मी खात नाही."

"किती घरी?"

"पाच."

तिने तोंडावर हात धरला. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. फोन उचलला आणि खालच्या मजल्यावर लावला. जूननंतरचा तो पहिला फोन. "ओग्न्येन, ऐक. मास्तर घरोघरी मुरंबा खात हिंडतायत." पलीकडून जे काही उत्तर आलं त्यावर दोघंही बराच वेळ हसली. अबोला असा सुटला. माझ्या अब्रूचा यात किती चुराडा झाला, त्याचा कुठल्याही चिठ्ठीत उल्लेख नाही.

मात्र फोन ठेवल्यावर बिसेनिया हसत नव्हती. "मास्तर, वीस दिवस उरलेत. हा आकडा असाच राहिला तर फक्त डावा नाही, उजवाही जाईल. आणि मग त्याच्या शेजारचे. मी घाबरवत नाहीये."

ती लहानपणीही कधी घाबरवत नसे. फक्त खरं सांगायची, म्हणून वर्गात तिला कुणी खेळायला घेत नसे. मी घरी येऊन स्तानिकाला सांगितलं. तिने एप्रन काढला, डोक्याला रुमाल बांधला आणि बाहेर पडली. दोन तासांनी परत आली.

"पाच घरी जाऊन आले," ती म्हणाली.

"मुरंबा खाल्लास?"

"पाच चमचे. पण मला मधुमेह नाही. आता तुला कुणी देणार नाही."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला देखरेख म्हणतात. पाववाली माझ्या हातात गोड बन दिसला की काढून घ्यायची आणि राय धान्याचा काळा पाव द्यायची. पोस्टमन थांबून विचारायचा, "मास्तर, गोळी?" मी रोज नदीकाठाने अर्धा तास चालायला निघालो की कोसाराबाई खिडकीतून घड्याळ पाहायच्या, आणि पंचविसाव्या मिनिटाला परतलो तर म्हणायच्या, "अजून पाच आहेत." मी गावाला शिस्त लावली होती. लावताना ती एक दिवस उलटी फिरेल असा विचार केला नव्हता.

संत लुकाच्या दिवशी मिलोयेकडे टेबलाभोवती बावीस माणसं होती. त्यांपैकी सतरा माझे विद्यार्थी. मला भाजलेलं डुकराचं मांस, आंबवलेला कोबी आणि पालेभाजी मिळाली. केकचं तबक माझ्या डोक्यावरून जायचं, विमान जातं तसं, आणि पलीकडे उतरायचं. मी नुसती मान वर केली तरी पाच जण म्हणायचे, "मास्तर!" प्रसादाच्या वेळी रुमेना माझ्यासमोर एक वेगळी छोटी वाटी घेऊन आली. त्यात गहू होता, अक्रोड होता, साखर नव्हती.

"फादरना विचारलं," ती म्हणाली. "संताला चालतं म्हणाले. संत काही साखर मोजत नाही."

त्या गव्हाची चव मी वर्णन करणार नाही. मिलोयेच्या कोंबड्या तो आनंदाने का खातात, हे मला अजून कळलेलं नाही. पण माझ्यासाठी कुणीतरी वेगळा गहू शिजवला होता, म्हणून मी वाटी चाटूनपुसून संपवली.

तेरा. अकरा. दहा. सहा नोव्हेंबरला सकाळी आठ पूर्णांक चार. बिसेनिया स्वतः मला धरून खाली घेऊन गेली. ओग्न्येनने हिरडी बधिर करून दोन दिवस, दोन बैठकांत, खोल सफाई केली. "उजवा माझा," तो म्हणाला. "डावा देवाचा. आठवडाभर जपा. कडक काही चावू नका."

मी जपलं. खरंच जपलं. पण आठ तारखेला घरचा सण होता. कुलसंताची भाकर घरच्या पुरुषाने पाहुण्यासोबत हातात धरून फिरवायची असते, मग मोडायची आणि एक तुकडा स्वतः खायचा. मिलोयेने मोडली आणि मोठ्या प्रेमाने मला कडेचा तुकडा दिला. मी चावला. काही दुखलं नाही. फक्त तोंडात अचानक जागा झाली.

मी तुकडा बाहेर काढला. त्यात काहीतरी चमकत होतं. मिलोये ओरडला, "नाणं! मास्तरला नाणं मिळालं! वर्ष सुखाचं जाणार!"

"नाणं नाताळच्या भाकरीत असतं रे," स्तानिका म्हणाली. मग तिने जवळून पाहिलं. "हा दात आहे."

सगळ्या पाहुण्यांनी एकदम आपापल्या तुकड्यांत बघितलं.

चार दिवस उरले होते. ओग्न्येन म्हणाला, हिरडी भरून यायला दोन महिने, मग दातांचा पूल, म्हणजे ब्रिज, बसवू, तोवर काही चिकटवायचं नाही. मी शाळेला फोन करून धडा रद्द करायला रिसीव्हर उचलला. मग त्या प्लास्टरच्या जबड्याकडे लक्ष गेलं. तो कोपऱ्यात बत्तीसही दात दाखवून बसला होता. चेष्टाच करत होता म्हणा. रिसीव्हर खाली ठेवला. म्हटलं, ओठ मिटून शिकवू.

बारा तारखेला पहिलीच्या वर्गात एकोणीस मुलं बसली होती. मी मोठा ब्रश तोंडासमोर धरून बोलू लागलो. 'स' आला की शिट्टी वाजायची, म्हणून मी 'स' टाळत होतो. 'सकाळी' न म्हणता 'उठल्यावर' म्हणालो. 'साखर' न म्हणता 'ती गोड पांढरी वस्तू' म्हणालो. दहा मिनिटांत घामाघूम झालो. पुढच्या बाकावर दुन्या नावाची एक मुलगी बसली होती. तिने हात वर केला.

"मास्तर, ब्रश बाजूला करा ना. आम्हाला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"तुमचा पण पडलाय का?"

वर्गात अशी शांतता मी अडतीस वर्षांत कधी निर्माण करू शकलो नव्हतो. मी ब्रश खाली घेतला. आणि दाखवलं.

 मग दुन्याने ओठ वर केले. तिचे पुढचे दोन्ही नव्हते. तिच्या शेजारच्याचा खालचा नव्हता. मागच्या बाकावरचा एक जण उभा राहून ओरडला, "माझे तीन!" एकोणीस तोंडं उघडली आणि सगळीकडे खिंडी दिसू लागल्या. सहा-सात वर्षांचं वय ते. तो अख्खा वर्ग माझ्यासारखाच शिट्टी वाजवत 'स' म्हणत होता.

मग मी खरा धडा घेतला. जबड्याला हातही लावला नाही. मी सांगितलं की तुमचे पुन्हा येतील, माझा येणार नाही. का गेला ते सांगितलं: बाकावरच्या दोन खोडकर मुलांची गोष्ट, रक्तातल्या साखरेची आणि सुजलेल्या हिरडीची, आणि एका म्हाताऱ्याची, जो ब्रशवरचा गुलाबी फेस पाहून न पाहिल्यासारखं करायचा. शिट्ट्या वाजवत सांगितलं. कुणी हसलं नाही.

"तुमच्या घरी कुणाच्या ब्रशवर गुलाबी फेस येतो?" मी शेवटी विचारलं.

सात हात वर गेले. "आजोबांच्या." "बाबांच्या." "आमच्या आजीला पण साखर आहे."

"घरी जाऊन त्यांना काय म्हणाल?"

"दाखवा!" वर्ग ओरडला.

"आणि मास्तर, तुमचा पडलेला कुठे आहे?" दुन्याने विचारलं.

तो माझ्या खिशात काड्यापेटीत होता.

"छपरावर नाही टाकला?" एकोणीस चेहरे गंभीर झाले. दात पडला की छपरावर टाकायचा आणि कावळ्याकडे नवा मागायचा. हे न करणं म्हणजे काय, याची मला कल्पना होती का?

आम्ही पटांगणात गेलो. शाळा दोन मजली आहे. पहिल्यांदा दात पन्हळीला लागून परत आला आणि मुख्याध्यापिकांच्या कुंडीत पडला. त्या खिडकी उघडून म्हणाल्या, "मास्तर, हे काय चाललंय?"

"प्रात्यक्षिक," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा मी पाठीला कळ येईपर्यंत जोर लावला आणि दात छपरापलीकडे गेला. मुलांनी कावळ्याला एका सुरात हाक मारली, माझ्यासाठी मजबूत दात मागितला. दुन्याने सांगितलं की माझं वय जास्त आहे म्हणून कावळ्याला जरा वेळ लागेल, धीर धरावा.

त्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या जिन्यावर गर्दी झाली. जिव्काबाईंनी मला खिडकीतून हाक मारून विचारलं, हे सगळे आजी-आजोबा नातवंडांनी ओढत का आणलेत? 'गृहपाठ' एवढं म्हणून मी बाहेर पडलो. लिंडनखाली दोन गाड्या एकमेकींना जवळजवळ खेटून उभ्या होत्या.

जानेवारीत ओग्न्येनने पुन्हा ती बारीक दांडी काढली. साखर सातच्या आत होती, राकिया नव्हती, आणि उजवा दात जागेवर होता. मी तोंड उघडलं. मदतनीस बाईंनी पेन्सिल धरली.

"तीन," ओग्न्येन म्हणाला. "दोन. तीन. दोन. दोन."

उजव्या दातापाशी तो जास्त वेळ थांबला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तीन."

घरी आलो. स्तानिका दारातच उभी होती, पिठाचे हात तसेच.

"काय म्हणाला?"

"जेमतेम पास," मी म्हणालो.

अडतीस वर्षांत हे दोन शब्द ऐकून इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही. पिठाच्या हातांनी तिने माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "दाखव."

मी दाखवलं.